लाकडी पेटीत कॉम्प्युटर आणि त्यातच स्पीकर: घरचं जुनं सागवान आहे, सल्ला पाहिजे

वैनगंगाकाठ | २ मे

मंडळी, नमस्कार.

वडशाजवळच्या एका गावात राहतो. (कागदोपत्री देसाईगंज, पण इथे तसं म्हणताना कोणी दिसत नाही.) दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की नाटक मंडळ्यांची रेकॉर्डिंगं साफ करून देणं, पार्श्वसंगीताचे तुकडे जोडणं, गावोगाव फिरणाऱ्या गाडीवर वाजवायच्या जाहिराती तयार करणं असली कामं माझ्याकडे येतात. सगळं घरीच, एका खोलीत, जुन्या डेस्कटॉपवर.

कॅबिनेट खालून गंजून गेलं आहे. अनवाणी उभं राहून हात लावला की झिणझिण्या येतात ते वेगळंच. नवीन पत्र्याचं आणायच्या ऐवजी लाकडाचं करावं असं मनात आहे, कारण आजोबांच्या वेळचं कौलारू घर या उन्हाळ्यात उतरवलं. माळ्याच्या सागवानी पाट्या, दोन दारं आणि बऱ्याच कड्या अंगणात पडून आहेत. गावातले कारागीर ओळखीचे आहेत, रंधा मारून द्यायला तयार आहेत.

डोक्यात असं आहे: आडवी पेटी, जुन्या रेडिओच्या घाटाची. वर मॉनिटर ठेवायचा. मधे कॉम्प्युटर, दोन्ही टोकांना एकेक चार इंची स्पीकर, अॅम्प्लिफायर आतच. मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स, प्रोसेसर ६५ वॅटचा, ग्राफिक्स कार्ड नाही.

शंका बऱ्याच आहेत. लाकडात गरम होईल का? लाकूड फाकेल का? खोलीत कुलर चालतो, त्याचं काय? आणि स्पीकरच्या डब्यात कापूस भरतात म्हणे, तर फाटक्या गादीतला चालेल का?

पुण्यात_अडकलेला | २ मे

हौस म्हणून ठीक आहे, पण बाजारात लाकडी दर्शनी भागाची कॅबिनेटं मिळतात की आता. फ्रॅक्टलचं 'नॉर्थ' २०२२ पासून आहे, पुढे अक्रोड किंवा ओकच्या पट्ट्या. सागवान फोडून त्यात मदरबोर्ड कोंबायचा म्हणजे लाकडाचे हाल आणि मशीनचेही.

वऱ्हाडी_ठेचा | २ मे

कायले बे, पट्ट्या लावलेला पत्राच तो. भाऊच्या अंगणात लाकूड फुकट पडून हाय अन् तू त्याले हजारो रुपये खर्च करायले लावून राहिला! १९७६ मंदी अॅपलचा पयला कॉम्प्युटर नुसता बोर्ड म्हणूनच इकला होता. पेटी ज्याची त्यानं करायची. लोकायनं लाकडाच्याच केल्या, त्या आता म्युझियममंदी हायेत.

वैनगंगाभाऊ, करजो बिनधास्त. फक्त उंदरायचा बंदोबस्त पयले पाहजो. माह्याकडं वायर खाल्ली होती त्यायनं.

रंधा | ३ मे

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, दारं-खिडक्यांचं काम करतो. लाकडापुरतं सांगतो, विजेचं ज्याला कळतं त्याने सांगावं.

जुनं साग मिळालं ही चांगली गोष्ट. इतकी वर्षं घरात राहिलेलं लाकूड सुकायचं तेवढं सुकलेलं असतं. आमच्या बल्लारशा-आलापल्लीच्या सागाला तोड नाही, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इथूनच गेलं. पण जुन्या लाकडात खिळे असतात, डोकं तुटलेले, वरून न दिसणारे. आरामशीनवर नेण्याआधी स्पीकरचं मोठं चुंबक दोरीला बांधून पाटीवरून फिरवा, जिथे ओढ घेईल तिथे पटाशीने खोदून काढा. एक खिळा पात्याला लागला तर मशीनवाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

पाटीच्या कडेला पांढरट भाग असेल तो काढून टाका. वाळवी आणि घुण सागाच्या तांबूस गाभ्याला सहसा लागत नाहीत, पांढऱ्याला लागतात.

आता फाकण्याचं. साग इतर लाकडांपेक्षा कमी हलतो म्हणून त्याची किंमत, पण हलतोच. ओल्याचा पूर्ण कोरडा होताना रुंदीत पाच टक्क्यांच्या थोडं वर आकसतो. पाटी गाभ्यातून उभी चिरलेली असेल तर त्याच्या निम्मा. लांबीत जवळपास नाहीच. म्हणजे तुमची वरची पाटी ३०० मिमी रुंद असेल तर मे आणि ऑगस्टमध्ये तिच्यात दोन-चार मिमीचा फरक पडू शकतो. ती चारही बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रूने जखडली तर एकतर पाटी तडकेल नाहीतर सांधा सुटेल.

तुमच्या त्या जुन्या दारांकडेच बघा ना. चौकटीला खाच असते आणि मधली पाटी त्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. तसंच करा. दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी जागा सोडा. चौकटीचा सांधा मात्र पक्का. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून सांध्याच्या जागा थिनरने पुसून, वाळल्या की लगेच चिकटवा, नाहीतर धरत नाही.

आणि पॉलिश आतून-बाहेरून सारखं. लोक बाहेरून चकाचक करतात आणि आतून कोरं सोडतात. मग एका अंगाने ओल शिरते आणि पाटी वाकते.

एक कायद्याचं. तुमचं घरचंच आहे म्हणून ठीक, पण कमी पडलं आणि नवीन साग घेतला तर बिल घ्या आणि दुसऱ्या गावी न्यायचं तर टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, लागते. नाक्यावर कोणी तुमची हौस ऐकून घेत नाही.

ओहम_शांती | ३ मे

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, नागपूरजवळ. रंधाभाऊंनी लाकडाचं उत्तम सांगितलं. माझा मुद्दा वेगळा आहे आणि पेटीचं माप काढायच्या आधी तो सुटला पाहिजे.

कॉम्प्युटरला भोकं असलेली पेटी लागते. स्पीकरला हवाबंद पेटी लागते. एकाच खोक्यात दोन्ही टाकलं तर स्पीकरच्या पडद्याची मागची हवा पंख्याच्या जाळीतून बाहेर येते, पुढच्या हवेच्या उलट दिशेने, आणि खालचे सूर खाऊन टाकते. ढोलकीची थाप लागते पण घुमत नाही. इंटरनेटवर जे सुंदर फोटो दिसतात त्यातले बरेचसे याच जागी फसलेले असतात. फोटोतून आवाज येत नाही म्हणून चालून जातं.

तेव्हा पेटी एक, पण आत तीन खोल्या. दोन टोकांच्या खोल्या पूर्ण बंद. वायर जाते ते भोकसुद्धा सिलिकॉनने बुजवायचं. मधली खोली मोकळी.

उष्णतेचं घाबरू नका, पण हिशोब करा. पत्र्याच्या कॅबिनेटच्या अंगातून थोडी उष्णता बाहेर जाते, लाकडातून ती वाट जवळपास बंद. म्हणजे सगळं पंख्यावर. तुमचं मशीन पूर्ण भाराखाली, पॉवर सप्लायची स्वतःची उष्णता धरून, १५० वॅट धरू. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू नये असं वाटत असेल तर मिनिटाला साधारण पाऊण घनमीटर, म्हणजे २६-२८ घनफूट हवा फिरली पाहिजे. १२० मिमीच्या पंख्यावर ५०-६० घनफूट लिहिलेलं असतं. ते मोकळ्या हवेतलं. जाळी आणि फिल्टर लावला की निम्मं धरा. म्हणून पुढून आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न येता फिल्टरमधूनच येते.

१० अंश वाढ म्हणजे खोलीत ४२ तर पेटीत ५२. प्रोसेसर साधारण ९५-१०० च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतो, तोवर बराच वाव आहे. लाकूड पेट घेईल ही भीती कॉम्प्युटरच्या सामान्य उष्णतेने नको, त्याला अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं. पण ढिली पिन, उघडा सप्लाय, जळका सांधा इथे ते तापमान येतं. सप्लाय त्याच्या पत्र्याच्या डब्यातून कधीही बाहेर काढू नका. तो डबा लाकडाला टेकणार नाही असा चारही बाजूंनी १० मिमी मोकळा ठेवा.

सारसपक्षी | ४ मे

मी गोंदियाची. आवाजाचंच काम करते, म्हणून दोन शब्द.

स्पीकर पेटीच्या दोन टोकांना ठेवायची कल्पना मला आवडली, उभ्या टॉवरमध्ये दोन स्पीकर एकावर एक बसवणाऱ्यांपेक्षा कितीतरी बरी. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर तुमचं डोकं हवं. पेटी पाऊण मीटर लांब असली तर स्पीकरच्या मध्यांत ५८-६० सेमी अंतर येईल आणि टेबलावर काम करताना तुम्ही तेवढेच लांब बसता. डावं-उजवं नीट कळेल. मात्र स्पीकर कानाच्या बरेच खाली राहणार, तर पेटीच्या पुढच्या पायांना लाकडाची चकती लावून तोंड थोडं वर करा.

वॅटच्या मागे धावू नका. चार इंची साधारण स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८५-८६ डेसिबल देतो. ६० सेमीवर तो ९० च्या जवळ जातो. एका वॅटला! नाटकाचा संवाद साफ करायला एवढ्या आवाजात कोणी बसत नाही, बसूही नये. १५ वॅटचा अॅम्प्लिफायर भरपूर झाला.

हार्ड डिस्क असेल तर पेटीत ठेवू नका, एसएसडी लावा. फिरत्या डिस्कला थरथर सहन होत नाही. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या एका इंजिनिअरने चालू डिस्कांच्या रॅकसमोर जोरात ओरडून दाखवलं होतं. त्या क्षणी डिस्क मंदावलेल्या आलेखात दिसतात. तुमच्याकडे तर खलनायक रोज ओरडणार.

वैनगंगाकाठ | ४ मे

ताई, खलनायकाचं खरं आहे. आमच्याकडे तो ओरडला नाही तर प्रेक्षक पैसे परत मागतात.

एसएसडीच आहे. ओहमसर, स्पीकरच्या खोलीचं माप कसं काढायचं? आणि ती सागाचीच करू का?

रंधा | ४ मे

सागाचीच. दुसरं काही लावू नका त्या पेटीत.

ओहम_शांती | ५ मे

इथे रंधाभाऊंशी माझं जमत नाही. बाहेरून साग जरूर, पण स्पीकरची खोली १८ मिमी प्लायची करा. वर त्यांनीच सांगितलं की साग ऋतूनुसार हलतो आणि पाटी सैल ठेवावी लागते. सैल पाटी म्हणजे गळती, आणि सैल पाटी वाजते. एमडीएफ आवाजाला चांगलं, सगळीकडे सारख्या घनतेचं, पण कुलरच्या ओलीत ते फुगतं. प्लाय दोन्ही बाजूंनी निभावून नेतो.

मापाचं. स्पीकरसोबत तीन आकडे मिळाले पाहिजेत: एफएस (पडदा स्वतःहून ज्या सुराला थरथरतो तो), क्यूटीएस (ती थरथर किती लवकर थांबते त्याचं माप) आणि व्हीएएस (पडद्याइतकीच लवचीक असणाऱ्या हवेचं आकारमान). थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ते ओळखले जातात. ज्या स्पीकरवर हे आकडे नाहीत तो घेऊ नका, दुकानदार कितीही 'बास फाडू' म्हणाला तरी. बंद डब्यासाठी एकूण क्यू ०.७०७ धरायचा. मग डब्याचं आकारमान = व्हीएएस भागिले (०.७०७ भागिले क्यूटीएस, त्याचा वर्ग, त्यातून एक वजा).

समजा व्हीएएस ८ लिटर, क्यूटीएस ०.४५, एफएस ७५ हर्ट्झ. ०.७०७ ला ०.४५ ने भागलं की १.५७. वर्ग २.४७. एक वजा केला, १.४७. आठ भागिले १.४७ म्हणजे साडेपाच लिटरला थोडं कमी. आणि आवाज ७५ गुणिले १.५७, म्हणजे ११८ हर्ट्झच्या खाली उतरत जाईल. संवादाला भरपूर. ढोलकीच्या खालच्या सुराला थोडं कमी पडेल, ते हेडफोनवर तपासा.

आतून १३० रुंद, ३०० खोल, १५० उंच अशी खोली केली तर ५.८५ लिटर होतात. स्पीकरचं धूड आणि आतले आधार वजा जाता साडेपाचच्या आसपास आलं की नाही? मधल्या खोलीत बोर्ड २४४, शेजारी सप्लाय १५०, मोकळी जागा धरून ४१५. चार उभ्या भिंती १८ च्या. एकूण लांबी ७४७ मिमी.

कापूस नको. ओल धरतो, गोळा होऊन खाली बसतो आणि किड्यांचं घर होतो. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा तंतू घ्या, पिंजून सैल भरा. दाबून भरू नका.

वऱ्हाडी_ठेचा | ५ मे

घ्या! साऱ्या वऱ्हाडात कापूस पिकवून ऱ्हायलो आमी, अन् सर म्हणतेत उशीतलं प्लास्टिक भरा. भाव मिळत नाई तो काई उगाच नाई.

रंधा | ५ मे

प्लाय आतून, साग बाहेरून, हे मान्य. पण मग प्लायचा डबा सागाच्या पाटीला चिकटवायचा नाही. तळाच्या फळीवर चार स्क्रूने उभा करायचा आणि वरच्या पाटीपासून वेगळा ठेवायचा. पुढचं तोंडही प्लायचंच असेल, त्यावर सागाची चौकट नुसती टेकवा. म्हणजे साग साग करेल आणि डबा डबा करेल.

ओहम_शांती | ५ मे

बरोब्बर. वरच्या पाटीखाली नमद्याची पट्टी टाका, कंप जाणार नाही.

वैनगंगाकाठ | ७ मे

मदरबोर्ड लाकडावर कसा बसवायचा ते कोणी सांगेल का? पितळी खुंट्या लाकडात फिरतात. आणि मागच्या सॉकेटांचं भोक पटाशीने काढायला कारागीर तयार नाहीत, "एवढं बारीक दार मी कधी केलं नाही" म्हणतात.

ओहम_शांती | ७ मे

भंगारवाल्याकडे जा. कुठलंही जुनं मायक्रो एटीएक्स कॅबिनेट उचला, वजनावर मिळेल. ज्या पत्र्यावर बोर्ड बसतो तो आणि मागचा पत्रा रिव्हेटने जोडलेले असतात. रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिल धरलं की ते उडतात. हे दोन्ही पत्रे एकमेकांना जोडून ठेवूनच लाकडी पेटीत बसवा. खुंट्यांच्या जागा, सॉकेटची खिडकी, कार्डांच्या फटी सगळं मापात तयार मिळतं.

दुसरा फायदा मोठा आहे. बोर्डाला खाली धातूचा पत्रा मिळतो, तो सप्लायच्या डब्याला जाड वायरने जोडा. लाकूड रेडिओलहरी अडवत नाही. उघड्या लाकडी पेटीतल्या कॉम्प्युटरजवळ मिडीयम वेव्हचा रेडिओ लावून बघा, नागपूर केंद्राऐवजी खरखर ऐकू येईल. घरात कोणी सकाळच्या बातम्या ऐकत असेल तर मधल्या खोलीला आतून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा आणि ती त्याच पत्र्याला जोडा.

पुढचं चालू-बंदचं बटण वेगळं विकत घ्यायला नको. दारावरच्या घंटीचं बटण चालतं. बोर्डाला फक्त क्षणभर दोन पिना जुळायला हव्या असतात.

सारसपक्षी | ८ मे

पुढच्या जाळीचं काय ठरलं? स्टीलची जाळी सागावर शोभणार नाही. तुमच्या भागात बुरूड आहेत ना? बांबूच्या बारीक कामट्यांची विण करून घ्या. स्पीकरपुढे सैल विण, पंख्यापुढे त्याहून सैल. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा हक्क मिळाला तो तुमच्याच जिल्ह्यात. तिथला बांबू सोडून चीनची जाळी कशाला?

फक्त कामट्या विणायच्या आधी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून सुकवा. बांबूला घुण फार लवकर लागतो, आणि मग पिवळा भुगा थेट पंख्यात.

पुण्यात_अडकलेला | ८ मे

बांबूच्या विणीतून पाल आत जाते. अनुभव सांगत नाही, सांगायला लावू नका.

वऱ्हाडी_ठेचा | ८ मे

त्याच्या मांगून मच्छरदानीचा तुकडा लावजो भाऊ. अन् धुळीसाठी फिल्टर येगळा. तुमच्याकडं मळणीच्या दिवसात धानाचा कोंडा उडते, आमच्याकडं जिनिंगची रुई. आमच्या गावच्या सेवा केंद्रातला पंखा खोलला तं आतून वात निंघाली, समईत लावता येईन अशी.

वैनगंगाकाठ | १० मे

बुरूड काका हसले, पण तयार झाले. आता वीज. झिणझिण्यांचं मी विसरूनच गेलो होतो. लाकडी पेटी झाली की तो प्रश्न मिटला ना?

ओहम_शांती | १० मे

नाही. लाकडाने तो झाकला जाईल.

सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून एकेक छोटा कपॅसिटर धातूच्या अंगाला जोडलेला असतो, विजेतली खरखर गाळायला. ती गळती अर्थिंगमधून जमिनीत जायची असते. अर्थिंगच नसेल तर डब्यावर २३० च्या निम्मा, साधारण ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह फार कमी म्हणून जीव जात नाही, पण झिणझिण्या येतात. लाकडी पेटीत डबा हाताला लागणार नाही, पण यूएसबीचं तोंड, हेडफोनच्या पिनेचा धातू, मायक्रोफोनची जाळी यांवर तोच दाब राहतो. आणि तुम्ही तर मायक्रोफोन हातात धरणार. शिवाय तोच दाब अॅम्प्लिफायरमध्ये घुसून स्पीकरमधून सतत 'हूं' ऐकू येतो, हा तुमच्या धंद्याचा प्रश्न.

खेड्यांत बऱ्याच घरी सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे वायर नसते. काही वायरमन त्या भोकात न्यूट्रलच जोडून देतात. हे तर कधीच करू देऊ नका. खांबावर न्यूट्रल तुटला तर तुमच्या कॅबिनेटवर पूर्ण फेज येतो.

खड्डा करून घ्या. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे ३८ मिमी व्यासाचा, किमान अडीच मीटर लांब जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. वैनगंगेच्या काठची ओली माती असेल तर नशीबवान आहात. तरी उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. जाणकार वायरमनकडून तपासून घ्या: फेज आणि अर्थिंग यांत बल्ब लावला तर तो पूर्ण उजेड द्यायला हवा. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारी कळ) असेल तर ती या परीक्षेत पडेल, पडलीच पाहिजे.

अॅम्प्लिफायरचं: टीपीए३११६ या चिपचा तयार बोर्ड मिळतो, १२ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला १५ वॅटच्या आसपास देतो. पण कॉम्प्युटरच्या सप्लायमधून तो १२ व्होल्ट घेऊ नका. आवाजाची ग्राउंड आणि विजेची ग्राउंड दोन वाटांनी एकत्र येतात आणि माऊस हलवला तरी स्पीकरमध्ये किरकिर होते. वेगळा अडॅप्टर लावा. तरी किरकिर राहिली तर मदरबोर्डाला ऑप्टिकल आउटपुट आहे का बघा. त्यातून उजेड जातो, तार नसतेच, म्हणून दोन ग्राउंड जुळतच नाहीत. नसेल तर गाडीच्या टेपला लावतात तो ग्राउंड लूप आयसोलेटर, पण स्वस्तातला खालचे सूर खातो.

पुण्यात_अडकलेला | १० मे

मान्य. मी गप्प बसतो आणि वाचतो.

वैनगंगाकाठ | ४ जून

पेटी उभी राहिली.

माप ओहमसरांनी सांगितलं तेच. चौकट दाराच्या उभ्या पट्ट्यांतून निघाली, वरची पाटी माळ्याची. रंधा मारल्यावर आतला मधासारखा रंग निघाला तेव्हा कारागीर स्वतःच दोन मिनिटं थांबले. एका पाटीत जुन्या कडीचं भोक होतं, ते बुजवलं नाही. घंटीचं बटण बरोबर त्यातच बसवलं.

पॉलिश न करता जवसाचं तेल लावलं, घरचंच घाण्याचं. वाळायला वेळ घेतं पण हात फिरवला की लाकूडच लागतं.

अर्थिंगचा खड्डा घेतला. झिणझिण्या गेल्या, आणि हूंही गेला. अॅम्प्लिफायरला वेगळा अडॅप्टर आहे, ऑप्टिकलची गरज पडली नाही. मेच्या शेवटी खोलीत ४१ असताना रेकॉर्डिंग साफ करायचं जड काम लावलं तर प्रोसेसर ८२ वर थांबला. जुन्या पत्र्यात याच दिवसांत तो ९० च्या खाली नसायचा, कारण तिथे एकच पंखा होता.

आवाजाचं मी सांगण्यापेक्षा: बाबांनी खंजिरी भजन लावायला सांगितलं आणि "भोंगा कुठे ठेवलास" म्हणून खोलीत शोधत होते.

रंधा | ४ जून

जवसाचं तेल लावलंत, चांगलं केलंत, पण ती चिंधी कुठे आहे? हे तेल वाळताना स्वतः तापतं. भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, या उन्हात तर जास्तच. दोरीवर मोकळ्या वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वैनगंगाकाठ | ४ जून

गोठ्याच्या भिंतीवर पसरल्या आहेत. वाचून लगेच जाऊन बघून आलो.

सारसपक्षी | ५ जून

कुलरचा झोत पेटीवर थेट येतो का? ओली हवा चालते, शिंतोडे नाहीत. पाण्यातला क्षार बोर्डावर पांढरा जमतो आणि सॉकेट खाऊन टाकतो.

वैनगंगाकाठ | ५ जून

कुलर उजव्या खिडकीत, पेटी डाव्या भिंतीला. रेकॉर्डिंगच्या वेळी तसाही बंद करावा लागतो, ताई. घाम गाळत संवाद कापतो.

वैनगंगाकाठ | २२ जुलै

पावसाळ्याची खबर. वरच्या पाटीच्या दोन्ही बाजूंची फट भरून आली, जूनमध्ये नख जात होतं, आता कागद जात नाही. सांधे जागच्या जागी. स्पीकरचे डबे जसेच्या तसे. बांबूच्या विणीवर बारीक बुरशी आली होती, कोरड्या ब्रशने झटकली आणि जवसाचा हलका हात दिला.

रंधा | २२ जुलै

फट हिवाळ्यात पुन्हा उघडेल. तेव्हा कोणी भरणी घालायला सांगितलं तर ऐकू नका.

वऱ्हाडी_ठेचा | २३ जुलै

भाऊ, मलेबी करायची हाय. माह्याकडं सहा इंची स्पीकर पडून हायेत, जुन्या होम थिएटरचे. ह्याच मापात बसतीन का? साग नाई माह्याकडं, बाभूळ हाय.

ओहम_शांती | २३ जुलै

नाही बसणार. सहा इंचीची फ्रेमच १६५ मिमीच्या आसपास असते आणि या पेटीची आतली उंची १५० आहे. उंची वाढवून बसवलेत तरी त्याला डबा बहुधा दुप्पट-तिप्पट लागेल, म्हणजे पेटीच वेगळी. त्या स्पीकरचा नंबर मागे लिहिलेला असेल तो इथे टाका, आकडे मिळाले तर हिशोब करू. नसतील मिळत तर चार इंची घ्या.

रंधा | २३ जुलै

बाभूळ वखराला ठेवा. ती रंध्याचं पातं मोडते आणि वाळताना पीळ खाते. गावात शिवणीचं झाड कोणी पाडलं असेल तर ते बघा. हलकं असतं, कमी हलतं, आणि ढोलक-वीणेला वापरतात.